खेचरांच्या वाटेवर पाच दिवस

अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन इथून मेरीलँड राज्यातल्या कंबरलंड गावाला जाणाऱ्या आगगाडीत सायकल नेता येते. संध्याकाळी बसलो आणि तीन तासांनी उतरलो. तेच अंतर सायकलनं परत यायला आम्हाला पाच दिवस लागले. अंधार पडेपर्यंत मी खिडकीतून पोटोमॅक नदी शोधत होते आणि समोर बसलेला दादा मला धीर देत होता, "अगं, सगळी वाट सपाट आहे. तू नुसतं पेडल मारत राहा." धाकट्या बहिणीला सायकलवर बसवताना थोरले भाऊ हेच सांगत आले आहेत.

या वेळी मात्र तो खरं बोलत होता. ही वाट म्हणजे चेसापीक अँड ओहायो कालव्याचा टोपाथ. कालव्यावर मालाच्या बोटी खेचरं ओढायची. काठावरून ती चालायची आणि लांब दोराच्या टोकाला मागून बोट यायची. त्यांच्यासाठी बांधलेला हा काठ १८४.५ मैलांचा, म्हणजे जवळजवळ २९७ किलोमीटरचा आहे. उजव्या हाताला नदी, डाव्या हाताला कालवा. तो कुठे शेवाळलेल्या पाण्यानं भरलेला, पण बऱ्याच ठिकाणी कोरडा, आणि तळात आता चांगली जुनी झाडं उभी. मोटारींना मज्जाव. मैलांचे खांब वॉशिंग्टनमधल्या जॉर्जटाऊनपासून मोजलेले, त्यामुळे आमच्यासाठी आकडे उतरत जायचे. दमलेल्या माणसाला उतरता आकडा फार बरा वाटतो.

सपाट म्हणजे किती सपाट? कंबरलंडपासून जॉर्जटाऊनपर्यंत पाणी एकूण ६०५ फूट खाली येतं आणि ही उतरण ७४ लॉकमध्ये वाटून दिलेली आहे. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दारं असलेला दगडी हौद. बोट आत घ्यायची, दार लावायचं, पाणी सोडून बोट खाली उतरवायची आणि पुढचं दार उघडायचं. त्यामुळे टोपाथही मैलोन्‌मैल सपाट जातो आणि लॉकपाशी एकदम आठेक फूट उतरतो. त्या आठ फुटांत चार-पाच सेकंद पाय आपोआप थांबायचे. दुसऱ्या दिवसापासून मी लॉकची चातकासारखी वाट बघू लागले.

एका लॉकपाशी पाणी प्यायला थांबलो असताना काठाच्या दगडात मला खाचा दिसल्या. गुळगुळीत, तिरप्या, एकीशेजारी एक. करंगळी आत बसेल एवढ्या खोल. ओल्या दोराला चिकटलेल्या वाळूनं वर्षानुवर्षं दगड कापला होता. आत डोकावलं तर हौद पंधरा फूट रुंद, आणि बोटी असायच्या साडेचौदा फुटी. म्हणजे दोन्ही बाजूंना जेमतेम तीन-चार बोटं जागा! बोटीवर अख्खं कुटुंब राहायचं आणि खेचरांबरोबर चालायचं काम पुष्कळदा पोरांकडे असायचं. आपण ज्याला सायकलची मौज म्हणतोय तिथून कोणीतरी दहा वर्षांचं पोर दिवसभर पायी गेलंय, हे त्या खाचेत बोट घातल्यावर जरा टोचलंच.

पहिल्या दिवसाची संध्याकाळ पॉ पॉ बोगद्यात गेली. इथे पोटोमॅक इतकी वळणं घेते की ती टाळण्यासाठी डोंगरच पोखरला. १८३६ मध्ये काम सुरू झालं. दोन वर्षांत संपेल असा अंदाज होता, पण मजुरांचे तंटे झाले, पैसा संपला, मधली काही वर्षं काम बंदच पडलं आणि बोगदा खुला झाला १८५० मध्ये. लांबी ३,११८ फूट, आतून विटांचं अस्तर, आणि विटा साठ लाखांच्या आसपास. आत टोपाथ अगदी अरुंद आहे, शेजारी काळं पाणी आणि मधे लाकडी कठडा. सायकल हातात धरून चालायचं. माझा हेडलाइट आत शिरल्यावर दोनशे पावलांत मिणमिणू लागला. चार्ज करायला विसरले होते, दोष कुणाला द्यायचा? मग दादाच्या दिव्यामागून चालत, एका हातानं सायकल ढकलत, दुसऱ्यानं कठडा चाचपत गेले. कठड्याच्या लाकडातही दोरांच्या खाचा लागल्या. डोक्यावर छतातून टपटप. समोरचं तोंड नाण्याएवढं दिसत होतं आणि पंधरा मिनिटं चालूनही ते नाण्याएवढंच वाटत राहिलं.

बोगद्यातून एका वेळी एकाच दिशेनं बोटी जायच्या. एकदा समोरासमोर आलेल्या दोन कप्तानांपैकी कोणीच मागे हटेना, तेव्हा शेवटी मक्याच्या ताटांचा धूर करून दोघांना बाहेर काढलं, अशी एक गोष्ट सांगतात. खरी असो नसो, अंधारात मला ती पूर्ण पटली.

मुक्कामाला वाटेवर ठरावीक अंतरानं तंबूच्या मोफत जागा आहेत: चूल, टेबल, कोरडा संडास आणि हापसा. हापशाच्या पाण्यात आयोडीन घालतात, म्हणून ते पिवळसर दिसतं आणि त्याला दवाखान्याचा वास येतो. लिंबाची पूड सोबत घ्या, एवढंच सांगेन.

दुसऱ्या दिवशी पाऊस आला. वरच्या टप्प्यात टोपाथ अजून बराचसा मातीचाच आहे आणि त्या मातीला लोण्यासारखं चिकटायची खोड आहे. माझे टायर पस्तीस मिलिमीटरचे, वर मडगार्ड. चाक आणि मडगार्ड यांच्यात चिखल, पानं आणि काड्यांचं असं लिंपण झालं की चाक फिरेचना. काडीनं उकरायचं, पाव मैल जायचं, पुन्हा उकरायचं. बेचाळीसच्या टायरवर पुढे गेलेला दादा दर वळणावर थांबून "येतेयस ना?" विचारायचा. ते विचारणं चिखलापेक्षा जास्त लागत होतं. लिटल ऑर्लिन्सपाशी मी जाहीर केलं की यापुढे टोपाथ नाही. तिथून शेजारीच जुन्या रेल्वेमार्गावरची डांबरी सायकलवाट सुरू होते. इतिहासाची आवड असलेले लोक म्हणतील खऱ्या वाटेवरच राहायला हवं होतं. म्हणोत बापडे. हॅन्कॉकपर्यंत कोरड्या चाकांनी आले.

तिसरा दिवस नदी आणि कासवं. ओंडक्यावर ओळीनं ऊन खात बसलेली, आमची चाहूल लागली की एकामागून एक टुपकन पाण्यात. विल्यम्सपोर्टला कालवा जलसेतूवरून एक उपनदी ओलांडतो. १९२० मध्ये त्याची एक भिंत कोसळली आणि पाण्याबरोबर बोटही खालच्या नदीत गेली.

चौथ्या दिवशी टोपाथ सोडून अमेरिकी यादवी युद्धातल्या अँटिएटमच्या रणभूमीपर्यंत चढ चढलो. १७ सप्टेंबर १८६२ ला इथे एका दिवसात सुमारे तेवीस हजार माणसं मारली गेली, जखमी झाली किंवा बेपत्ता झाली. आता मक्याचं शेत, लाकडी कुंपणं आणि वारा. दोघंही फारसं काही बोललो नाही, तसेच उतरून वाटेला लागलो.

त्या रात्री पॉइंट ऑफ रॉक्सच्या अलीकडे तंबू लावला. मोटारी नाहीत म्हणजे शांतता, हा माझा समज इथे फिटला. रूळ तंबूपासून हाकेच्या अंतरावर, आणि मालगाड्या रात्रभर. तिसऱ्या गाडीला दादा तंबूतून म्हणाला, "ऐक, जिंकलेला पक्ष चाललाय." कालवा आणि बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वे, दोन्हींची सुरुवात एकाच दिवशी, ४ जुलै १८२८ ला झाली. डोंगर आणि नदी यांच्यामधली इथली चिंचोळी जागा दोघांनाही हवी होती. खटला झाला, १८३२ मध्ये कालवा जिंकला, आणि रेल्वे तरीही त्याच्या आठ वर्षं आधी, १८४२ मध्ये, कंबरलंडला पोहोचली. १९२४ च्या पुरानंतर कालवा कायमचा थांबला. पुढे याच जागेवरून मोटाररस्ता काढायचा बेत होता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी १९५४ मध्ये रस्त्याच्या बाजूनं लिहिणाऱ्या वृत्तपत्राच्या संपादकांनाच चालत या म्हणून आव्हान दिलं आणि स्वतः सगळी वाट पायी केली. १९७१ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झालं. म्हणजे धंद्यात हरलेल्या कालव्याचा काठ मला सायकलला मिळाला होता, आणि जिंकणारी रेल्वे मला झोपू देत नव्हती.

पाचवा दिवस भरभर गेला. खालच्या टप्प्यात बारीक खडी दाबून वाट छान केली आहे, टायरखाली ती कुरकुरत राहते. मोनोकसीचा सात कमानींचा जलसेतू १८३३ चा; यादवी युद्धात तो उडवायचा प्रयत्न फसला होता. ग्रेट फॉल्सनंतर माणसं वाढली: धावणारे, बाबागाड्या, कुत्री. घंटी वाजवून वाजवून अंगठा दुखला.

शून्य मैलाचा खांब नदीकाठी एका बोटघराच्या मागे लपलेला आहे. शोधला, फोटो काढला. मग घरी जायला रस्त्यावर आलो आणि पाच दिवसांत पहिल्यांदा सिग्नलला थांबलो. दिवा हिरवा झाला. दादा पाय टेकवून तसाच उभा. मागच्या गाडीनं हॉर्न दिला, तेव्हा दचकून त्यानं आधी घंटी वाजवली.