सन्, सन्तौ, सन्तः

सुवर्णमहोत्सवाची पत्रिका आली आणि मी ती जिन्यातच उभा राहून वाचली. स्मरणिकेसाठी शाळेबद्दल दोन पानं लिहा, असा निरोप आहे. पण शाळेबद्दल लिहायला बसलो की माझ्यासमोर बाईच उभ्या राहतात. त्यांचं नाव मुद्दाम लिहीत नाही. आपल्या शाळेत नुसतं ‘बाई’ म्हटलं की त्याच.

आठवी ब, कौलारू इमारतीतला टोकाचा वर्ग. आषाढीचे दिवस होते. बाईंनी सहज विचारलं, ‘संत’ हा शब्द आला कुठून? मी हात वर करून सांगितलं, इंग्रजीतल्या ‘सेंट’वरून. वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. “थांबा रे. त्याने कान उघडे ठेवलेत. दोन शब्द सारखे ऐकू आले तर विचारायलाच हवं.” आणि त्यांनी मला फळ्यापाशी बोलावलं.

त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेलो. ‘अस्’ म्हणजे असणे. त्यावरून ‘सत्’, म्हणजे असणारा, खरा, चांगला. त्याची पुल्लिंगी प्रथमा सन्, सन्तौ, सन्तः. शेवटच्या रूपाचा विसर्ग मी अगदी बारीक काढला होता. बाईंनी तो बोटाने पुसला आणि मला पुन्हा ठळक काढायला लावला. “नीट काढ. बहुवचनाची खूण आहे ती. मराठीने हे बहुवचन उचललं आणि एका माणसाला लावलं.” आपण थोरांना एरवीही बहुवचन वापरतो, इथे शब्दच मुळात बहुवचनी आहे, हे तेव्हा कळलं आणि अंगावर काटा आला. आजही येतो.

मग ‘सेंट’. तो लॅटिनमधल्या ‘सँक्टस’वरून आला. त्याचा अर्थ पवित्र ठरवलेला, विधिपूर्वक वेगळा काढलेला. म्हणजे एक शब्द असण्यातून आला, दुसरा ठरवण्यातून. बाई म्हणाल्या, “सेंटचं आणि संताचं नातं नाही. पण इंग्रजीतल्या ‘इज’चं आणि आपल्या ‘अस्ति’चं आहे. तू दार चुकलास, वाडा बरोबर होता.” ते वाक्य मी वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलं होतं.

तास संपला तरी विषय संपला नाही. दुसऱ्या दिवशी परिपाठाआधी बाई मला म्हणाल्या, आज पसायदानात ‘संत’ किती वेळा येतो ते मोज. मी नऊही ओव्या बोटांवर धरून म्हटल्या. एकदाही नाही! रोज म्हणत होतो, कधी लक्षातच आलं नव्हतं. “मग ‘सत्’ शोध.” तो सापडला: ‘सत्कर्मी रती वाढो’ आणि ‘सज्जन सोयरे होतु’. त्या आठवड्यात गीतेतलं ‘सद्भावे साधुभावे च’ त्यांनी पाठ करून घेतलं, आणि कालिदास रसिक जाणकारांनाही ‘सन्तः’च म्हणतो हे रघुवंशाच्या पहिल्या सर्गात दाखवलं. खरंखोटं पारखणारा, असा तिथला अर्थ. विठ्ठलभक्तीशी हा शब्द एकजीव झाला तो पुढे, आपल्या वारकऱ्यांकडे.

तुकोबांनी मात्र ‘जे का रंजले गांजले’ मध्ये ‘तोचि साधु ओळखावा’ म्हटलंय. ‘साधु’ आला ‘साध्’ धातूवरून: नीट तडीस नेणारा. त्याचाच प्राकृतात ‘साहु’ झाला आणि मराठीत ‘साव’. चोर आणि साव, यातला साव. सावकारही त्याच घरातला. मी बँकेत 34 वर्षं कर्जविभाग सांभाळला, मुख्य व्यवस्थापक म्हणून निवृत्त झालो. नव्या अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणात दरवर्षी पहिलं भाषण मी याच शब्दावर केलं. ‘सावकार’ शब्दाच्या पोटात साधू बसलाय, हे मुलांना सांगताना माझ्या तोंडून बाईच बोलत होत्या.

निवृत्तीनंतर बाईंना भेटायला गेलो होतो. डोळ्यांना कमी दिसत होतं, आवाज ओळखला. मी भारावून म्हणालो, “बाई, तुम्ही आमच्यासाठी संतच.” त्यांनी लगेच विचारलं, “कुठली विभक्ती?” मी म्हटलं, प्रथमा. “वचन?” बहुवचन. “मग मी एकटी कशी?” असं म्हणून त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला.

कौलारू इमारत पाडली, तिथे आता चारमजली उभी आहे. संगणककक्ष चांगला झालाय, आनंद आहे. पण शिक्षकखोलीतलं मोल्सवर्थच्या कोशाचं कपाट कुठेच दिसलं नाही. तो जाड कोश बाई पदर खोचून, दोन्ही हातांनी छातीशी धरून वर्गात आणायच्या. आठवीची संस्कृतची तुकडीही बंद झाल्याचं ऐकलं. फार वाईट वाटलं. पुन्हा सुरू करणार असाल तर कळवा. आठवड्यातून दोन तास मी येईन. सन्, सन्तौ, सन्तः अजून पाठ आहे.