पाच मीटर केबल जोडली आणि एसडब्ल्यूआर पळाला

सापडलं एकदाचं! माझ्या हॅम रेडिओची चाळीस मीटर बॅण्डची अँटेना, इन्व्हर्टेड व्ही (मध्यावर उचललेला, दोन पाय खाली उतरणारा तारेचा डायपोल), आता खालच्या सोप्यातूनही एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती उलट परतते याचं माप, १ म्हणजे उत्तम) १.३ दाखवते, माडीवरून दाखवायची तेवढाच. मागच्या नोंदीत शॅक (रेडिओची खोली) खाली आणल्याचं लिहिलं होतं. माडीवर असताना १६ मीटर आरजी-५८ कोॲक्स केबल (आत तार, तिच्याभोवती धातूची जाळी) होती, खाली यायला पाच मीटरचा तुकडा जोडला, आणि ७.१ मेगाहर्ट्झवर एसडब्ल्यूआर १.३ वरून थेट २.४. अँटेना तीच, खांब तोच, परसातल्या नारळाला बांधलेलं टोकही जागच्या जागी.

पुस्तकी नियम सगळ्यांना पाठ आहे. केबल ५० ओहमची असेल तर तिची लांबी बदलून एसडब्ल्यूआर बदलत नाही. सेटकडून दिसणारा रेझिस्टन्स आणि रिअॅक्टन्स (दोन्ही मिळून इम्पीडन्स) बदलतो, स्मिथ चार्टवर (इम्पीडन्स दाखवायच्या गोल आलेखावर) बिंदू गोल फिरतो, पण वर्तुळ तेच राहतं. लॉसमुळे ते आत आकसेल, म्हणजे लांब केबलवर एसडब्ल्यूआर उलट कमीच दिसायला हवा. माझा वाढला. म्हणजे नियम चुकला नव्हता, तर मीटर आणि अँटेना यांच्यामध्ये अजून काहीतरी होतं.

पहिला संशय नव्या जोडावर. केबल अँटेनापासून सोडवून टोकाला ५० ओहमचा डमी लोड (अँटेनाऐवजी लावायचा रोध) लावला आणि खालून नॅनोव्हीएनए (केबल-अँटेना मोजायचं छोटं यंत्र) फिरवला. पूर्ण बॅण्डभर १.०५. केबल, जोड, पीएल-२५९ प्लग सगळं निर्दोष. इथपर्यंत आलं की माणूस अँटेनाचे पाय कापायला घेतो. तसं करू नका. डमी लोडवर केबल शहाण्यासारखी वागते आणि अँटेना लावली की बिघडते, ही खूण फार मोलाची आहे.

सकाळच्या गप्पांत निपाणीच्या एका जुन्या ओएमना (हॅममंडळी एकमेकांना असं म्हणतात) हे सांगितलं. त्यांचा सल्ला : "अहो, हाफ-वेव्हच्या पटीत कापा की केबल, सगळं जाग्यावर येतंय." आरजी-५८ चा वेग-गुणांक ०.६६ (आतली लहर प्रकाशाच्या ०.६६ पट वेगानं जाते), म्हणजे ७.१ वर अर्धी वेव्हलेंग्थ १३.९ मीटर, दुप्पट २७.९. त्या लांबीला अँटेनाचा इम्पीडन्स खाली जसाच्या तसा दिसतो हे खरंच आहे. पण दिसतो एवढंच. एसडब्ल्यूआर का वाढला याचं उत्तर त्यात नाही, म्हणून कात्री बाजूला ठेवली.

धागा सापडला तो पुतण्यामुळे. मी मीटर बघत होतो, तो खिडकीपाशी केबल सरळ करत होता. "काका, मी केबल धरलो की काटा हलतोय बघा." बस्स! कोॲक्सच्या आतला प्रवाह जाळीच्या आत बंदिस्त असतो, बाहेरून हात लावल्याने त्याला काही कळता कामा नये. हात लागून काटा हलतो म्हणजे जाळीच्या बाहेरच्या अंगावरून आरएफ (रेडिओ लहरींचा प्रवाह) वाहतोय. कॉमन-मोड करंट. लगेच खिडकीजवळच्या रॉडची अर्थ वायर काढून पाहिली : २.४ चे १.६ झाले. माडीवर सेट बॅटरीवर चालायचा आणि अर्थिंग नव्हतं, हे तेव्हा आठवलं आणि सगळं जुळलं.

एकाच केबलला दोन लांबी असतात, हे मला यातलं सगळ्यात सुंदर वाटतं. आतून चालणाऱ्या लहरीला ०.६६ चा गुणांक लागतो. जाळीच्या बाहेरून जाणाऱ्या लहरीला आतल्या पॉलिथिनशी देणंघेणं नाही, तिच्या वाटेत फक्त वरचं पातळ पीव्हीसी आणि हवा. ती जवळपास प्रकाशाच्या वेगानं जाते. त्यामुळे बाहेरून अर्धी वेव्हलेंग्थ भरते २०-२१ मीटरला. माझी केबल आता नेमकी तेवढी, आणि खालचं टोक अर्थला. अर्ध्या वेव्हलेंग्थवर अर्थचा कमी इम्पीडन्स जसाच्या तसा फीडपॉइंटला (केबल अँटेनाला जोडते तिथे) पोचतो, आणि डायपोलच्या जाळीकडच्या पायाला पर्यायी वाट आयती मिळते. अँटेनाला तिसरा पाय फुटला होता.

आता निपाणीच्या सल्ल्याकडे पुन्हा बघा. २७.९ मीटर केली असती तर एसडब्ल्यूआर बहुधा उतरलाही असता! पण आतल्या हाफ-वेव्हमुळे नव्हे. बाहेरून ती लांबी पाऊण वेव्हलेंग्थच्या जवळ जाते, तिथे अर्थ फीडपॉइंटला उंच इम्पीडन्स होऊन दिसतो आणि करंट आवळला जातो. हा तोडगा इतकी वर्षं इतक्या लोकांना लागू का पडतो, याचं एक कारण मला इथे दिसतं.

उपाय साधा : चोक, म्हणजे जाळीबाहेरचा प्रवाह अडवणारं वेटोळं. फीडपॉइंटलाच ३१ मिक्सच्या (फेराइटचा एक प्रकार) २.४ इंची टोरॉइडवर, म्हणजे कड्यावर, आरजी-५८ चे बारा वेढे. आधी जुन्या मॉनिटरच्या केबलवरचे क्लिप फेराइट लावून पाहिले, पण ७ मेगाहर्ट्झला एकेक मणी लावून काहीच होत नाही, पैसे वाया घालवू नका. पीव्हीसी पाइपवरचं हवेतलं वेटोळं चालतं, पण एखाद्या बॅण्डपुरतं, आणि व्हीच्या मध्यावर त्याचं वजन नको. टोरॉइड घेताना मिक्स स्पष्ट लिहून देणाराच विक्रेता धरा. नुसतं "फेराइट रिंग" म्हणून मिळणारी वस्तू पॉवर सप्लायची निघू शकते.

चोक लावल्यावर १.३. अर्थ जोडा, काढा, केबल हातात धरा, काटा ढिम्म. वर बोनस : बॅण्डचा गोंगाट सिग्नल-मीटरवर एस-६ वरून एस-४ वर आला. बेळगावच्या शहापुरात गल्लीतल्या यंत्रमागांना दोष द्यायची सवय असते, पण हा गोंगाट घरातल्याच एलईडी दिव्यांचा आणि इन्व्हर्टरचा, जाळीवरून चढून अँटेनात शिरणारा. संध्याकाळी श्रीलंकेचं स्टेशन इतकं स्वच्छ ऐकलं की मी उत्तर द्यायचं सोडून नुसता ऐकत बसलो.

केबलच्या लांबीनं फरक पडतो का, हा खानापूरच्या मित्राचा प्रश्न राहिलाय. त्यानं डिशची उरलेली आरजी-६ वापरलीय. ती ७५ ओहमची, तिथे मात्र लांबी खरंच बोलते. ५० ओहमची अँटेना पाव वेव्हलेंग्थच्या आरजी-६ मधून ११२.५ ओहम दिसते, एसडब्ल्यूआर २.२५. अर्ध्याच्या पटीत पुन्हा ५०. त्याच्यासाठी निपाणीचा सल्ला शंभर टक्के बरोबर.

आता दोन मीटरचा बॅण्ड (१४५ मेगाहर्ट्झ). त्याच्या व्हर्टिकलची (उभ्या अँटेनाची) आरजी-५८ खाली आणताना २५ मीटर झाली. वरचं टोक उघडं ठेवून १४५ वर रिटर्न लॉस (वर जाऊन परत आलेल्या सिग्नलची घट) मोजला : १० डीबी, म्हणजे एकेरी वाटेचा लॉस ५. पाच वॉटमधले दीड वॉट वर पोचतात. आणि टोकाला काहीच जोडलेलं नसताना खाली एसडब्ल्यूआर १.९! अँटेना वाऱ्यानं उडून गेली तरी मीटर "चालतंय" म्हणेल. लांब केबलवरचा गोड एसडब्ल्यूआर बघून खूश होणाऱ्यांनी हा प्रयोग एकदा कराच.

आरजी-२१३ ही कमी लॉसची केबल मागवणार होतो, त्यात लॉस सव्वादोन डीबीवर येईल. एलएमआर-४०० घेतली तर सव्वा. पण हे लिहितानाच सुचतंय : सेट माडीवरच ठेवला तर सहा मीटर आरजी-५८ पुरते, आणि तिचाही लॉस सव्वा डीबीच. माझ्या मोबाईल (गाडीत बसवायच्या) रेडिओ सेटची फेसप्लेट, म्हणजे बटणं-पडद्याचा पुढचा भाग, वेगळी होते. मग खाली आरएफ कशाला आणायचा, फक्त फेसप्लेटची वायर आणली की झालं. केबलची ऑर्डर थांबवतो.

त्या पैशात दुसरा टोरॉइड येईल. तो खिडकीपाशी, केबल घरात शिरते तिथे. फीडपॉइंटचा चोक डायपोलकडून जाळीवर येणारा करंट अडवतो, पण जाळी स्वतःच अँटेनाच्या क्षेत्रात लोंबकळतेय, तिच्यावर नव्यानं चढणारा करंट कुठे अडणार? आधी आणि नंतर रात्रभर डब्ल्यूएसपीआर (कमी शक्तीचे सिग्नल पाठवून ते कुठवर ऐकू आले हे कळवणारी पद्धत) चालवून रिपोर्ट ताडून बघायचा विचार आहे. वळवाच्या विजा सुरू व्हायच्या आत हे उरकायला हवं.