सयाजीरावांचा रुपया आणि स्लॅबची भानगड: संग्रहाची नोंदवही, बडोदा

जुलै

सयाजीराव महाराजांच्या (तिसऱ्या) चेहऱ्याच्या रुपयांचं काम हळूहळू पुढे सरकतंय. १८९० च्या दशकात बडोद्यात यंत्रावर पाडलेले हे रुपये, एका बाजूला पगडीतले महाराज, दुसरीकडे संवत आणि तलवार. या महिन्यात एक बरा नग मिळाला. पगडीवरची नक्षी अजून धरून आहे, गालावर आणि कानाजवळ झीज. भिंगाखाली कड फिरवताना मात्र पगडीच्या बरोबर वर तांदळाच्या दाण्याएवढी जागा वेगळी चकाकते. तिथे कडी लावलेली होती. कोणाच्या तरी गळ्यात हा रुपया वर्षानुवर्षं मिरवला आणि पुढे सोनाराने कडी काढून जागा घासून दिली. आपल्याकडच्या चांदीच्या नाण्यांत हा दोष इतका नेहमीचा आहे की दुकानदार तो सांगतही नाही आणि गिऱ्हाईक विचारतही नाही.

याच वेळी दुकानात दुसरा एक रुपया दाखवला गेला, प्लास्टिकच्या बंद डबीत, म्हणजे स्लॅबमध्ये. किंमत जवळजवळ दुप्पट. मी नाण्याकडे बघत होतो, तर मालक म्हणाला, “भाई, ग्रेड तो जुओ!” (ग्रेड तर बघा!) डबीवर ६३ लिहिलेलं, म्हणजे नाण्याच्या अवस्थेला दिलेला आकडा. डबी तिरपी धरल्यावर तशीच कडीची खूण त्याही नाण्यावर दिसली, आणि लेबलवर तिचा शब्दसुद्धा नाही. डबी इथल्याच एका कंपनीची होती. फोन करून विचारलं तर उत्तर आलं की ग्रेड हे आमचं मत असतं. ठीक आहे, मत असेल. पण मग चुकलेल्या मताची भरपाई काय, या प्रश्नावर फक्त तपासणीची फी परत मिळेल असं कळलं. घेणाऱ्याने डबी बघून जी जादा रक्कम मोजली तिचं काय, यावर शांतता.

तेव्हापासून ठरवलं की आधी ही ग्रेडिंगवाली मंडळी नीट समजून घ्यायची, मग पुढची खरेदी.

ऑगस्ट-सप्टेंबर

ते ६३ कुठून येतं? विल्यम शेल्डन नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी १९४९ मध्ये त्यांच्याकडच्या जुन्या तांब्याच्या सेंटांसाठी १ ते ७० अशी मोजपट्टी काढली. पुढे तीच सगळ्या नाण्यांना लागू झाली. ६० पासून वर म्हणजे चलनात न फिरलेलं नाणं. नाणी तपासणाऱ्या अमेरिकन कंपन्यांपैकी पीसीजीएस १९८५ साली निघाली आणि एनजीसी १९८७ साली. नाणं तपासून, सीलबंद डबीत घालून, क्रमांक देऊन परत करायचं हा धंदा या दोघींनी जगभर रूढ केला. आपल्याकडच्या कंपन्यांनी डबी आणि आकडा दोन्ही उचलले. त्यामागची हमी उचलली का, हे प्रत्येकीला वेगळं विचारावं लागतं.

माझ्या मते पाहायच्या गोष्टी फार नाहीत. पहिली आणि सर्वांत मोठी: तपासणारा स्वतः नाण्यांचा व्यापार करतो का? जो विकतो तोच ग्रेड देत असेल तर पुढचं काही वाचायची गरज नाही. दुसरी, हमी लेखी आहे का आणि ती बाजारभावाने पैसे देते की नुसती फी परत करते. तिसरी गोष्ट लोक विसरतात, ती म्हणजे कंपनी ‘नाही’ म्हणते का. चांगली सेवा साफ केलेल्या, कोरून ‘सुधारलेल्या’ किंवा कडी लागलेल्या नाण्याला आकडा देत नाही. नाणं अस्सल, पण अमुक दोष, एवढंच लिहून मोकळी होते. ज्या कंपनीच्या शंभर डब्यांत एकही सदोष नाणं सापडत नाही, तिच्यापासून लांब राहावं. आपल्या बाजारात रिठ्याने घासून लख्ख केलेली चांदी मणाने फिरते. ती यांच्याकडे कधी येतच नाही?

डबीवरचा क्रमांक कंपनीच्या वेबसाइटवर टाकून तिथला फोटो आणि हातातलं नाणं ओरखडा न् ओरखडा ताडून पाहणं हेही आलंच. नुसता क्रमांक जुळला म्हणजे झालं असं नाही, कारण नकली डब्यांवर खरे क्रमांक छापतात.

आणखी एक खुबी. एनजीसीची प्राचीन नाण्यांची वेगळी शाखा आहे. तिथे तज्ज्ञ आपलं मत देतात, पण अस्सलपणाची हमी देत नाहीत. एवढी मोठी कंपनी क्षत्रपांच्या द्रम्मावर (चांदीच्या छोट्या नाण्यावर) हमी घ्यायला तयार नसेल, तर आपल्याकडे कोणी सातवाहनांपासून शिवराईपर्यंत सगळ्यांची ‘शंभर टक्के गॅरंटी’ देतो तेव्हा कान टवकारावेत.

ऑक्टोबर

आता कायद्याचं. हे आधी सांगायला हवं होतं असं कोणी म्हणेल, पण इथे सहसा कोणी विचारतच नाही. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षं झालेलं नाणं ही पुरावस्तू ठरते, आणि ती देशाबाहेर पाठवण्याचा अधिकार फक्त केंद्र सरकारला किंवा सरकारने नेमलेल्या संस्थेला आहे. तुम्ही-आम्ही पाठवली तर गुन्हा, किमान सहा महिन्यांची कैद. ‘ग्रेड करून परतच येणार आहे’ ही सबब तिथे चालत नाही. म्हणजे सयाजीरावांचा रुपया अमेरिकेला पाठवायचा विचारच सोडायचा. त्याआधीच्या खंडेराव महाराजांच्या वेळचे हातघडणीचे रुपयेही त्यातच. तसेही ते त्या मोजपट्टीत बसत नाहीत. ठसा मोठा आणि चकती लहान, त्यामुळे अर्धी अक्षरं नाण्याबाहेर. त्याला ७० पैकी किती देणार?

दांडिया बाजारातले आमचे एक काका सहाव्या जॉर्जचा १९३९ चा रुपया घेऊन बसलेत. त्याला शंभर वर्षं व्हायला अवकाश आहे, त्यामुळे तो बाहेर पाठवता येतो. १९३९ चा चांदीचा रुपया दुर्मीळ, म्हणून नकलाही भरपूर. काकांचं म्हणणं, “अरे, वजन बरोबर आहे, नाद बरोबर आहे, टंचही (चांदीची शुद्धता) काढून आणलाय, आता काय उरलं?”

उरलं ते सगळ्यांत महत्त्वाचं, सालाचा आकडा. पण आधी चांदी त्यांच्याच जेवणाच्या टेबलावर तपासली. ब्रिटिश रुपया ११.६६ ग्रॅमचा, चांदी ९१.७ टक्के, घनता साधारण १०.३. मिलिग्रॅमपर्यंत जाणाऱ्या काट्यावर पाण्याची वाटी ठेवायची, काटा शून्यावर आणायचा, नाणं शिवणाच्या दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडवायचं. तळाला टेकू द्यायचं नाही, बुडबुडे बोटाने झटकायचे. काटा १.१३ ग्रॅमच्या आसपास थांबला तर चांदी ठीक. जर्मन सिल्व्हर (चांदी नसलेला पांढरा मिश्रधातू) असतं तर तोच आकडा १.३५ च्या घरात जातो. काकांचा रुपया १.१३ वर थांबला आणि काका खूश.

पण १९३८ च्या रुपयातही तीच चांदी आहे, तेच वजन आहे. ८ चा ९ करणारा कारागीर चांदीला हातच लावत नाही, फक्त एका आकड्याचा खालचा कोपरा कोरतो. वजन, पाणी, नाद, सराफाकडचं टंचाचं मशीन या सगळ्यांतून तो रुपया सुखरूप पार होतो. मशीन तर वरवरचा थरच वाचतं. तिथे भिंग लागतं, बाजूने पाडलेला उजेड लागतो, आणि शेजारी ठेवायला खात्रीचा १९३८ लागतो. ९ च्या आजूबाजूची जमीन (नाण्याचा कोरा सपाट भाग) बाकीच्या जमिनीसारखीच सपाट आहे का, तिथे खरवडल्याच्या रेघा आहेत का, हे बघायचं. काकांच्या नाण्यात मला काही खटकलं नाही. पण माझा डोळा हा काही पुरावा नव्हे, आणि असल्या नाण्यासाठी फी, विमा, पार्सलचा त्रास सोसायला हरकत नाही. इथले काही व्यापारी अनेकांची नाणी एकत्र करून बाहेर पाठवतात. काकांना एवढंच सांगितलं की देण्याआधी दोन्ही बाजूंचे आणि कडेचे मोठे फोटो काढून, पावतीवर वजन लिहून घ्या.

नोव्हेंबर, दिवाळीनंतर

महाराजांच्या रुपयांपुरता माझा निर्णय झालाय. डबी नको. त्याऐवजी प्रत्येक नाण्याचं एक कार्ड: वजन, पाण्यातलं वजन, व्यास, ठशांचे फोटो, कडेची अवस्था, कोणाकडून घेतलं. संशय वाटला तर ज्याचा बडोदा संस्थानच्या नाण्यांवर हात बसलाय अशा माणसाला दाखवायचं, आणि कारणांसकट लेखी मत मागायचं. ‘अस्सल’ एवढा एकच शब्द लिहून देणाऱ्याचा उपयोग नाही, अस्सल का ते लिहिलं पाहिजे. पुढेमागे लिलावात विकायची वेळ आली तर डबीचा विचार तेव्हा करू. तिथे फोटो पाहून बोली लावणाऱ्याला डबीचा आधार वाटतो, हे मान्य.

नाणी ठेवायला पीव्हीसीची मऊ पाकिटं काढून टाकली. त्यांचा हिरवट चिकटा एकदा चांदीवर बसला की कुठलीही ग्रेडिंग कंपनी दोष लावणारच. आता मायलारची (पीव्हीसी नसलेल्या प्लास्टिकची) पाकिटं आणि कार्डाच्या चौकटी.

पगडीच्या वर कडीची खूण असलेला रुपया ठेवतोय. कार्डावर पहिल्याच ओळीत तसं लिहिलंय. त्याच ठशाचा, कड शाबूत असलेला रुपया कोणाकडे असेल तर कडेचा एक फोटो पाठवा. तलवारीच्या मुठीचा जवळून काढलेलाही चालेल, कारण माझ्याकडच्या नगांत मूठ दोन प्रकारची दिसते आणि तो ठशाचा फरक आहे की झिजेचा, हे अजून लागत नाही.