गाडी बसली आणि मी कॉम्प्रेसर बदलला

डिसेंबरात महाबळेश्वरला हॉटेलच्या अंगणात चहाचा कप घेऊन आलो, तर गाडी पुढच्या डाव्या बाजूला बसलेली. बैल बसताना आधी पुढचा गुडघा टेकतो ना, अगदी तशी. चाक आणि मडगार्डमध्ये बोटं शिरेनात. पंक्चर असेल म्हणून टायर दाबून पाहिला, त्यात हवा होती. इंजिन चालू केलं, पोटाखाली घरघर झाली आणि मिनिटभरात गाडी उठून सरळ उभी राहिली. मीही विसरून गेलो.

गाडी २०१२ सालची, एका जर्मन कंपनीची सात सीटर डिझेल एसयूव्ही. मी ती वापरलेलीच घेतली. घेताना ‘ही हवेवर उभी असते’ याचं फार कौतुक वाटलं होतं. लोखंडी स्प्रिंगच नाही. चार कोपऱ्यांना दोऱ्यांची वीण असलेल्या रबराच्या पिशव्या, पोटाखाली विजेवर चालणारा कॉम्प्रेसर म्हणजे हवा भरणारा पंप, हवेची छोटी टाकी, कुठल्या चाकाला किती हवा सोडायची ते सांभाळणारा व्हॉल्व्हचा ठोकळा आणि उंची मोजणारे सेन्सर. सात माणसं बसली तरी मागचा भाग दबत नाही आणि घाटात खड्डे जाणवत नाहीत. त्या रबराचंही वय होतं, हे मात्र तेव्हा डोक्यात आलं नाही.

कोल्हापुरात परत आल्यावर थंडी सरली आणि बसणं कमी झालं. थंडीत रबर आखडतं आणि भेगा उघड्या पडतात, म्हणून तिथं दिसलं होतं, हे नंतर कळलं. उन्हाळ्यात आठवड्यातून एखाद्या वेळी बसायची. आईला तर ते आवडायचं. एरवी तिला चढायला स्टूल लागायचं. बसलेली गाडी पाहून ती म्हणायची, “आज बरी आहे बघ गाडी.”

पावसाळ्यात गगनबावड्याच्या बाजूला सारखं जाणं झालं आणि गाडी रोज बसायला लागली. कॉम्प्रेसरची घरघर मिनिटभराची चार-पाच मिनिटांची झाली. ऑगस्टमध्ये एका सकाळी तो चालू झाला, गाडी अर्धी उठली आणि तो गप्प झाला. पडद्यावर लाल अक्षरात ‘थांबा, गाडी फार खाली आहे’. अर्ध्या तासानं गार झाल्यावर परत चालला. फार तापला की तो स्वतःच बंद पडतो, जळू नये म्हणून तशी सोयच असते. वर्कशॉपमध्ये गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोष वाचणारा स्कॅनर लावला. कॉम्प्रेसर ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त चालतोय, एवढंच त्यात आलं. निदान झालं: कॉम्प्रेसर गेला. मलाही पटलं, कारण आवाज तोच करत होता. खासगी गॅरेजमध्ये ३८ हजारांत बाहेरच्या बनावटीचा नवा बसवून घेतला. नऊ दिवस गाडी ताठ उभी होती. दहाव्या दिवशी परत गुडघा टेकला.

एक शेजारी ट्रॅव्हल्सच्या बसगाड्यांचा धंदा करतात. ते म्हणाले, “आमच्या बशी वर्षानुवर्षं हवेवरच चालतात, आमच्या मिस्त्रींना दाखवा.” उचगावच्या बाजूला हायवेलगत त्यांचं पत्र्याचं गॅरेज. बसवाले या पिशव्यांना सरळ ‘बलून’ म्हणतात. मिस्त्रींनी स्कॅनर मागितलाच नाही. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “सर, पंप नवा घातला, ठीक हाय. पर हवा जातिया कुठनं, ते बघितलं का कुणी? फुगा फुटका असला तर फुकणारा माणूस बदलून काय हुतंय?”

मग त्यांनी मला घरचा अभ्यास दिला. रात्री गाडी लावल्यावर चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेपनं मोजायचं, लिहून ठेवायचं, सकाळी दार उघडायच्या आधी परत मोजायचं. दार उघडलं तरी गाडी जागी होते आणि स्वतःला सावरायला बघते, म्हणून आधी. पाच दिवसांची वही घेऊन गेलो. पुढचा डावा दर रात्री ७० ते ९० मिलिमीटर उतरत होता, पुढचा उजवा १० ते १५, मागचे दोन्ही जागच्या जागी. एकच कोपरा इतका पडतोय म्हणजे बहुतेक त्याचा बलून, नाहीतर त्याची नळी किंवा व्हॉल्व्हचा सांधा. सगळे सांधे साबणाच्या पाण्यानं पुसले, एकही बुडबुडा नाही.

बलूनवरही आधी बुडबुडा दिसेना. पुढच्या बाजूला शॉकअब (धक्के जिरवणारा शॉक अब्सॉर्बर) आणि बलून एकाच नळकांड्यात असतात, वरून धातूचा डबा आणि खाली धुळीसाठी रबरी बूट. मिस्त्रींनी गाडी सगळ्यात उंच करायला लावली, बुटाची पट्टी सोडली, बूट खाली सरकवला आणि आत फवारा मारला. नेहमीच्या उंचीला रबर जिथं दुमडून आत वळलेलं असतं, ती घडी आता उलगडली होती. त्या घडीवर बोटभर लांबीची भेगांची बारीक जाळी आणि तिच्यातून ताकावर येतो तसा फेस.

नव्या कॉम्प्रेसरचं काय झालं असतं, हे त्यांनी तेव्हाच सांगितलं आणि मला घाम फुटला. कॉम्प्रेसर बाहेरची हवा ओढतो, तिच्यातलं पाणी टिपायला वाटेत दाणेदार ड्रायर असतो. गाडी खाली आणताना कोरडी हवा त्याच वाटेनं उलटी बाहेर जाते आणि जाताना दाणे वाळवून जाते. बलून गळका असला की हवा भलतीकडूनच निसटते, उलटी येतच नाही. दाणे भिजलेलेच राहतात आणि आपल्या पावसाळ्यात ते पाणी पुढं व्हॉल्व्हपर्यंत पोचतं. म्हणजे जुना कॉम्प्रेसर मेला तो या बलूनपायीच, आणि मी नवाही त्याच वाटेला लावला होता. पंपाची वीज चालू-बंद करणारा रिलेही त्यांनी बदलायला लावला. तो चिकटला तर पंप रात्रभर चालतो. किंमत काहीशे रुपये, ३८ हजारांच्या बिलात कुणी तो धरलाच नव्हता.

आता पर्याय. कंपनीचा मूळ भाग एका बाजूचा १ लाख ४० हजार. दिल्लीच्या मायापुरीहून भंगारातल्या गाडीचा २५ हजारांत मिळत होता, पण त्याचं रबरही माझ्याच गाडीच्या वयाचं. नुसतं रबर बदलून का देत नाही, विचारलं तर मिस्त्री म्हणाले, “बसचा बलून बोल्ट काढून बदलतोय आमी. हितं कडं दाबून बसवायला प्रेस लागतंय. मी न्हाई करणार.” चौथा पर्याय हवा काढून टाकून साध्या स्प्रिंगा घालण्याचा. हा काही आपला देशी जुगाड नाही. १९५७ च्या कॅडिलॅक एल्डोराडो ब्रॉमला हवेचं सस्पेन्शन होतं आणि त्यातल्या बऱ्याच गाड्यांना मालकांनी पुढं स्प्रिंगाच घातल्या. मीही दोन रात्री तो हिशेब केला. पण मग पडद्यावरचे इशारे गप्प करायला वेगळा डबा जोडा, शॉकअबची वीज तोडा, आणि ज्या मऊपणासाठी गाडी घेतली तोच जाणार. शेवटी बाहेरच्या बनावटीचे दोन नवे मागवले, एकेक ५२ हजारांना. दोन का, तर उजवा १० ते १५ मिलिमीटर उतरतच होता.

बसवायला अख्खा शनिवार गेला, त्यातला दीड तास खालच्या एका गंजलेल्या बोल्टनं खाल्ला. रबर जवळ असल्यामुळं गॅसनं तापवता येईना. तेल मारायचं, चहा प्यायचा, परत पाना लावायचा. हवेची नळी मात्र घाईनं सोडली नाही. टायरमध्ये असते त्याच्या कितीतरी पट दाब तिथं असतो, म्हणून आधी स्कॅनरनं त्या कोपऱ्याची हवा उतरवली, तरी शेवटी फुस्स झालंच. नळीचं जुनं टोक मिस्त्रींनी नव्या ब्लेडनं सरळ काटकोनात कापलं आणि पितळी नट नवा घातला. तिरकं कापलं तर तिथंच गळती.

मी चूक करणार होतो ती पुढं. चाक लावून झालं तसा मी जॅक सोडायला वाकलो आणि मिस्त्री ओरडले. रिकाम्या बलूनवर गाडीचं वजन पडलं की घडी चुकीची पडते, रबर चिमटतं आणि नवा माल पहिल्याच दिवशी जातो. आधी चाक अधांतरी ठेवून हवा भरली, मग गाडी हळूहळू टेकवली. चाकाला धरून ठेवणाऱ्या खालच्या आर्मचा बोल्टही शेवटचा आवळला तो गाडी तिच्या रोजच्या उंचीला आल्यावर, नाहीतर त्यातला रबरी बुश पिळलेलाच राहतो.

मग गाडीच्या कॉम्प्युटरला नवी उंची शिकवायची. स्कॅनर चारही आकडे विचारतो, पण ते सपाट जागेवर मोजलेले हवेत. गवंड्याची पाणसळ, म्हणजे पाण्यानं भरलेली पारदर्शक नळी, लावून पाहिली तर गॅरेजची फरशी एका बाजूला १२ मिलिमीटर उतरती. त्या चाकांखाली पत्र्याचे तुकडे सारून जमीन सारखी केली. दुसऱ्या दिवशी व्हील अलाइनमेंट आणि दिव्यांची उंची.

दोन्ही बलून, रिले, मजुरी आणि अलाइनमेंट मिळून १ लाख १९ हजार झाले. आधीचे ३८ हजार वेगळे. आता सकाळी घरघर ऐकूच येत नाही. आईसाठी गाडी खाली आणायचं बटण पहिल्यापासून होतंच, ते मला आता सापडलं.

टेप अजून डॅशबोर्डच्या कप्प्यात आहे. दर रविवारी मोजतो. पुढचे दोन्ही हललेले नाहीत. मागचा उजवा गेल्या आठवड्यात ८ मिलिमीटर उतरला होता, या आठवड्यात ११. मिस्त्रींना अजून सांगितलेलं नाही.