स्वीडन शेजारीच होता ना, मग बोटीनं कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. खरं तर तुमच्या आधी बऱ्याच जणांनी विचारलंय, आणि दरवेळी मी अर्धंच उत्तर देते कारण तेवढ्यात कुणाला तरी फोटो काढायचा असतो नाहीतर कॉफी हवी असते. आता एकदाच सगळं लिहिते, पुढच्या पाहुण्यांना हेच वाचायला देईन.

मी नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर बर्गनला राहते. भारतातून कुणी आलं की फ्योर्ड, फनिक्युलर, मासळीबाजार झाल्यावर मी त्यांना सोत्रा बेटावर तेलावॉगला नेते, तिथे दुसऱ्या महायुद्धात, जर्मनांनी नॉर्वे ताब्यात घेतल्यावर, बोटीनं नॉर्थ सी ओलांडून ब्रिटनकडे पळालेल्या लोकांचं म्युझियम आहे. आणि तिथून परत येताना गाडीत नकाशा उघडला जातो, हा तर आता नियमच झालाय. नकाशात नॉर्वे आणि स्वीडन एकमेकांना चिकटलेले, सोळाशे किलोमीटरची बॉर्डर, स्वीडन युद्धात नव्हता. मग प्रश्न येतो, "अगं पण हे लोक स्वीडनला चालत का नाही गेले? कशाला त्या समुद्रात जीव धोक्यात घालायचा?" माझ्या दादानं तर वर "जरा डोकं वापरायचं ना" असंही म्हटलं. दादा, तू देवगडचा आहेस, तुला तरी समुद्रकाठच्या माणसांची बाजू घ्यायला हरकत नव्हती.

तर पहिलं, गेले की! पन्नास हजारांच्या आसपास लोक युद्धात स्वीडनला गेले. बोटीनं शेटलंड (स्कॉटलंडच्या उत्तरेची ब्रिटिश बेटं) नाहीतर स्कॉटलंडला पोचलेले तीन हजारांच्या थोडे वर. म्हणजे तुमचा स्वीडन नॉर्वेतल्या लोकांना सुचला नव्हता असं अजिबात नाही. 1942 च्या शरदात ज्यू लोकांची धरपकड सुरू झाली तेव्हा जे वाचले त्यातले बहुतेक स्वीडनमुळेच वाचले. पण ओस्लोच्या माणसाला स्वीडन शेजारी आहे. सोत्राच्या माणसाला नाही. मध्ये अख्खा देश आडवा येतो, डोंगर, हार्डांगरचं पठार, बर्फ, ट्रेनमध्ये चेकिंग, आणि पश्चिम किनारा जर्मनांनी बॉर्डर झोन करून टाकल्यावर तर फिरायलाच परवाना. अनोळखी गावांमधून, अनोळखी माणसांवर विश्वास ठेवत जायचं, आणि त्यातला एक जरी खबऱ्या निघाला की संपलं. उलट दारात काय होतं? बोट. आणि समोर साधारण साडेतीनशे किलोमीटरवर शेटलंड. हवा बरी असली तर एक दिवस नि एक रात्र.

दुसरं कारण कुणी ऐकूनच घेत नाही. पळणाऱ्यांत बरीच पोरं विशी-पंचविशीतली होती आणि त्यांना नुसतं सुटायचं नव्हतं, त्यांना लढायचं होतं. स्वीडनला पोचलात की आधी रेफ्युजी कॅम्प, चौकशी, मग जंगलात लाकूडतोडीचं काम. स्वीडनमधून इंग्लंडला जायचं कसं? 1941 च्या जूनपर्यंत तरी एक वाट होती, आणि ती ऐकून पाहुणे हसतात: रशियात जायचं, सैबेरियाची ट्रेन पकडायची, जपान, तिथून बोटीनं अमेरिका खंड, आणि शेवटी टोरोंटोजवळच्या नॉर्वेजियन विमानदलाच्या कॅम्पात. शब्दशः अर्धी पृथ्वी. हिटलरनं रशियावर हल्ला केला आणि तीही वाट बंद झाली, त्यानंतर विमानातल्या मोजक्या जागा. शिवाय ज्या न्यूट्रल स्वीडनचं तुम्ही एवढं कौतुक करता त्यांच्याच रेल्वेनं 1943 पर्यंत जर्मन सैनिक सुट्टीवर ये-जा करत होते, त्यामुळे 1940-41 मध्ये स्वीडन उद्या कुठल्या बाजूला असेल याची खात्री कुणाला होती?

मी काही युद्धवेडी नाही हं, हेही एकदा सांगून टाकते कारण मागे एका मावशींनी "तुला बाई या मारामाऱ्यांत काय एवढा रस" असं विचारलं होतं. मला बोटींत रस आहे. लहान बोटी, लाकडी, मासे धरायच्या, सिंगल सिलिंडरचं इंजिन, सुरू करण्याआधी त्याचं डोकं ब्लोलॅम्पनं तापवावं लागायचं आणि सुरू झालं की टुक-टुक-टुक आवाज शांत रात्री खाडीभर ऐकू जायचा. म्हणजे लपून पळायला याच्याइतकं वाईट वाहन नाही. डिझेल रेशनवर, म्हणून महिना-महिना थोडं थोडं बाजूला काढून ठेवायचं. आणि मोसम बघा. आमच्याकडे पावसात होड्या वर ओढून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिल्याशिवाय कुणी आत जात नाही. इथे बरोब्बर उलटं, समुद्र शांत असतो तेव्हा उन्हाळा, आणि उन्हाळ्यात इथे रात्री धड अंधारच होत नाही, जर्मन विमानाला वरून सगळं स्वच्छ दिसणार. म्हणून निघायचं ते शरदात नाहीतर हिवाळ्यात, लांब रात्र आणि वादळ दोन्ही एकदम घेऊन. 1941 चा शरद हा या पळण्याचा सगळ्यात गर्दीचा काळ. त्याच नोव्हेंबरमध्ये ब्लिया नावाची बोट चाळीसच्या वर माणसं घेऊन निघाली आणि शेटलंडला पोचलीच नाही. कुणीच वाचलं नाही.

जे पोचले त्यांनाही कुणी हार घातले नाहीत. शेटलंडच्या लरविक बंदरात गरम चहा-बिस्किटं मिळाली असतील, पण मग थेट लंडन, आणि तिथे वॉन्ड्सवर्थमधल्या एका जुन्या शाळेच्या इमारतीत ब्रिटिश गुप्तचर खात्याची उलटतपासणी, कारण या बोटींतून जर्मनांचे हेरही येत होते. त्यानंतर कुणी नौदलात, कुणी विमानदलात, आणि काही जण परत त्याच समुद्रात. शेटलंडवरून नॉर्वेकडे हत्यारं, रेडिओ, एजंट न्यायचे आणि येताना पळणारी माणसं आणायची, आधी शेटलंडमधल्या लुन्नाहून, मग 1942 पासून तिथल्याच स्कॅलोवेहून, आणि तेही मासेमारीच्याच बोटींनी. या फेऱ्या करणाऱ्या लेइफ लार्सनचं नाव तुम्ही म्युझियममध्ये वाचलं असेल.

आता तेलावॉग. इथे मला थांबावंच लागतं, आणि खरं सांगायचं तर स्वीडनवाल्या प्रश्नावर मी चिडते ती याच्यामुळे.

तेलावॉगमधून लोक सुटायचे हे आसपास बऱ्याच जणांना ठाऊक होतं. लौरिट्स तेले नावाच्या माणसाचं घर या सगळ्याचं ठिकाण. 1942 च्या एप्रिलमध्ये शेटलंडहून आलेले दोन एजंट, आर्ने वॅरुम आणि एमिल व्हाल, त्याच्या घरात लपलेले होते. खबऱ्यांनी आधीच वास काढला होता. 26 एप्रिलला पहाटे गेस्टापो, म्हणजे नाझींचे गुप्त पोलीस, घरात घुसली, गोळीबार झाला, गेस्टापोचे दोन अधिकारी मेले, वॅरुम तिथेच मेला, व्हाल जखमी होऊन पकडला गेला आणि नंतर त्यालाही गोळी घातली.

इथपर्यंत ही युद्धाची गोष्ट आहे, दोन्हीकडे हत्यारं होती. पुढचं तसं नाही. 30 एप्रिलला नॉर्वेतला हिटलरचा मुख्य माणूस तेरबोवेन स्वतः तेलावॉगला आला, बघायला. सगळी घरं पाडली, जाळली, उडवली. बोटी बुडवल्या नाहीतर नेल्या. गुरं मारली नाहीतर हाकून नेली. सोळा ते साठ वयाचे पुरुष, 72 जण, जर्मनीत साक्सनहाउझेनच्या छळछावणीत पाठवले, त्यातले 31 परत आले नाहीत. बायका, मुलं, म्हातारे यांना हार्डांगरमधल्या नूरहाइमसुंडला एका शाळेत कोंडून ठेवलं. आणि त्याच दिवशी ओस्लोच्या पलीकडे ट्रान्डुमच्या जंगलात 18 नॉर्वेजियन कैद्यांना गोळ्या घातल्या, ज्यांचा तेलावॉगशी काडीचा संबंध नव्हता. ते इंग्लंडला पळायच्या प्रयत्नात ऑलेसुंडकडे आधीच पकडले गेलेले. नाझींनी असंच नष्ट केलेलं चेकोस्लोव्हाकियातलं लिडित्से गाव जगाला माहीत आहे, ते जूनमध्ये झालं. तेलावॉग त्याच्या सहा आठवडे आधी.

बर्गनमधल्या आमच्या मराठी मंडळींच्या गणपतीत मी यावर बोलले होते, तेव्हा मी मोठ्या आवाजात म्हटलं होतं की अख्खं गाव पाठीशी उभं राहिलं. टाळ्या पण पडल्या. त्या बाईशी, म्हणजे त्या दिवशीच्या माझ्याशीच, माझं अजून भांडण चालू आहे. अख्खं गाव म्हणजे कोण? सोळा वर्षांच्या पोराला कुणी विचारलं होतं का? शेजारणीला विचारलं होतं का की बाई, आमच्या माळ्यावर दोन जण आहेत, उद्या तुझा नवरा जर्मनीला जाईल, चालेल ना? काहींना नक्की माहीत होतं आणि त्यांनी तोंड बंद ठेवलं, हे गप्प राहणंही धैर्यच. पण काहींना माहीतच नसेल, किंवा माहीत असून ते नको असेल, आणि शिक्षा सगळ्यांना सारखीच झाली. त्यावर ती गणपतीतली मी म्हणते की बरं मग, कुणीच कुणाला घरात घेतलं नसतं तर? एकही बोट सुटली नसती, तेरबोवेनला हेच तर हवं होतं. आणि जाळणारा जर्मन, मग हिशोब तेलेकडून का मागतेस? हेही खरंच आहे. माझ्याकडे उत्तर नाही, आणि हे मी उगाच नम्रपणा म्हणून म्हणत नाहीये.

आणि बोटी कुणाच्या होत्या हेही कधी कुणी विचारत नाही. मासेमारीची बोट म्हणजे एका घराचं पोट. ती घेऊन पोरं निघून गेली की मागे बाप काय करणार? कधी मालकाला आधीच ठाऊक असायचं आणि तो चोरीची तक्रार मुद्दाम उशिरा द्यायचा. कधी खरोखरच चोरलेली असायची. 1941 च्या शरदात तेरबोवेननं अशा पळण्याला मृत्युदंड लावला आणि पुढे पळालेल्यांच्या घरच्यांनाही उचलायला लागले. म्हणजे मुलगा शेटलंडला सुखरूप आणि त्याच्यासाठी आई-बाप आत. हे निघताना त्या पोरांना माहीत होतं का? 1940 मध्ये निघालेल्यांना नसेल. 1942 मध्ये निघालेल्यांना नक्की होतं, आणि तरी ते निघाले. यातल्या कुणाला शूर म्हणायचं आणि कुणाला स्वार्थी, हे मला दादासारखं गाडीत बसून ठरवता येत नाही.

दादा म्हणाला होता की हे सगळं ठीक, पण शेवटी तीन हजार लोकांनी युद्धात काय मोठा फरक पडला. नसेल पडला. 1943 च्या शेवटी अमेरिकेनं शेटलंडच्या फेऱ्यांसाठी तीन सबमरीन चेसर, म्हणजे पाणबुड्यांचा पाठलाग करणाऱ्या छोट्या युद्धनौका, दिले, हिट्रा, हेसा, व्हिग्रा, वेगवान आणि बंदुका लावलेले, आणि त्यांच्या फेऱ्यांत एकही माणूस गेला नाही, त्यामुळे "हे आधीच द्यायचे होते" हा पुढचा प्रश्नही मला पाठ आहे. द्यायलाच हवे होते. पण ज्यांनी 1941 च्या थंडीत ब्लोलॅम्प पेटवला त्यांच्याकडे चेसर नव्हते, सैबेरियाची ट्रेन नव्हती, आणि स्वीडन देशाच्या दुसऱ्या टोकाला होता. आता यावर वाद घालायचा तर जरूर घाला, फक्त पुढच्या वेळी तेलावॉगला जाताना घाला, परतताना नको, परतताना मला फार वेळ बोलवत नाही.