गोल वाट, उलट्या दिशेने

रविवार, रात्री

राखीव जंगलातली गोल वाट आज उलट्या बाजूने चालले. सुरुवातीच्या फाट्यावरचा बाण डावीकडे दाखवतो आणि सगळे डावीकडेच वळतात. दोन्हीकडून जायला मुभा आहे असं पाटीवर स्वच्छ लिहिलेलं असूनही मी कायम डावीकडेच जात आले होते. आज उजवीकडे वळले.

पहिला फरक पडला तो माणसांचा. सगळे एकाच दिशेने, साधारण एकाच वेगाने चालतात, त्यामुळे एरवी तासन्‌तास कुणी भेटत नाही आणि जंगल रिकामं आहे असं वाटतं. आज प्रत्येकजण समोरून येत होता. एका छोट्या मुलीने वडिलांचा हात सोडून मला विचारलं, "मावशी, संपत आलं का?" म्हटलं, "अजून निम्मं आहे गं, पण पुढे सुतारपक्ष्याने भोकं पाडलेलं वाळकं झाड आहे. उजव्या हाताला बघत जा." ती वडिलांना मागे टाकून पळालीच.

पण आजचा दिवस खरा त्या उन्मळून पडलेल्या झाडाचा. नेहमीच्या बाजूने येताना ते म्हणजे वाटेशेजारी आडवा पडलेला, शेवाळलेला एक ओंडका, एवढंच दिसायचं. आज दुसऱ्या बाजूने आले तर समोर मुळांची अख्खी भिंत उभी. माझ्या डोक्याहून उंच. मुळांच्या बेचक्यांत माती आणि वीतभर दगड अडकलेले, आणि त्या मातीत नेचे रुजलेले. एवढं थोरलं झाड, पण मुळं खोलवर गेलेली नव्हती. पसरट थाळ्यासारखी बाजूंना फाकलेली होती. बहुतेक झाडांची बरीचशी मुळं जमिनीच्या वरच्या मीटरभरातच असतात हे वाचलेलं होतं. आज ते उभं करून दाखवल्यासारखं समोर होतं. माती ओली होऊन सैल पडली आणि त्यात वारा सुटला, की असं झाड मुळांसकट कसं उचकटतं तेही कळलं.

तिथे बराच वेळ बसले. खोडाची एक बाजू तपकिरी पडून चौकोनी ठोकळ्यांत तडकली होती, बोटाने दाबलं की भुगा. त्याला टेकून पडलेली दुसरी एक फांदी मात्र पांढुरकी आणि धाग्याधाग्यांनी सुटणारी. ही दोन वेगळ्या प्रकारच्या बुरशींची कामं. पहिली लाकडातलं सेल्युलोज, म्हणजे त्याचे तंतू, खाते आणि त्या तंतूंना घट्ट बांधून ठेवणारं लिग्निन मागे ठेवते. दुसरी लिग्निनही फोडते. नुसत्या स्पर्शाने एवढं कळतं याचा मला फार आनंद होतो. पडलेली झाडं उचलून नेऊन जंगल 'साफ' करा म्हणणाऱ्यांना एकदा इथे आणून बसवावं असं मनापासून वाटतं. फिनलंडमधल्या जंगलांत 20 ते 25 टक्के जाती मेलेल्या लाकडावर कुठल्या ना कुठल्या प्रकारे अवलंबून असतात, असा अंदाज आहे. इथे फक्त वाटेवर आलेला तुकडा करवतीने कापून बाजूला केलाय, बाकी झाड जागच्या जागी ठेवलंय. ज्याने हे ठरवलं त्याला जंगल कळतं.

मुळं उपटली तिथे खड्डा पडलाय आणि त्यात पाणी साचलंय. मुळांना चिकटलेली माती हळूहळू गळून खड्ड्याच्या कडेला ढीग होतोय. लाकूड कुजून संपेल, पण खड्डा आणि उंचवटा अशी जोडी शेकडो वर्षं टिकू शकते. हे लक्षात घेऊन पुढे निघाले आणि पावलोपावली थांबावं लागलं, कारण वाटेच्या दोन्ही अंगांना जमीन अशीच उंचसखल आहे. इतके दिवस मी तिला नुसती ओबडधोबड जमीन समजत होते. त्यातली कितीतरी टेंगळं म्हणजे कधीकाळी पडलेली झाडं असणार. काही उंचवट्यांवर तर आता दुसरीच मोठी झाडं उभी आहेत.

ओढ्याजवळ चिखल होता. लोक चिखल टाळायला कडेच्या रोपांवरून जातात, मग कडही चिखलाची होते, पुढचा आणखी बाहेरून जातो, आणि हातभर रुंदीची वाट बघता बघता बैलगाडीच्या रस्त्याएवढी होते. बुटांचं काय, धुता येतात. मधूनच गेले.

पाचोळा पायाने ढवळला की मातीचा तो ओला वास येतो. तो जिओस्मिन नावाच्या रसायनाचा. स्ट्रेप्टोमायसिस नावाचे जिवाणू तो तयार करतात, आणि 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दिसलं, की मातीतले उड्या मारणारे इवले जीव या वासाने ओढले जातात, जिवाणू खातात आणि त्यांचे बीजाणू अंगावर घेऊन दुसरीकडे पोचवतात.

उलट्या फेरीची एक गैरसोय आहे. सुरुवातीचा सोपा उतार शेवटचा चढ होऊन बसतो, तोही पाय थकल्यावर. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 साली एक ठोकताळा दिला होता: दर 5 किलोमीटरला एक तास, आणि चढाच्या दर 600 मीटरला आणखी एक तास. या हिशेबात थांबायला वेळच धरलेला नाही, आणि माझा निम्मा वेळ थांबण्यातच जातो. चढावर दम खायला टेकले तिथल्या खडकावर राखाडी दगडफूल होतं, तळहाताएवढं. काही जाती वर्षाला मिलिमीटरभरसुद्धा वाढत नाहीत. त्याला हात लावला नाही.

दोन-चार आठवड्यांनी पुन्हा जाणार आहे, याच बाजूने. त्या खड्ड्यातलं पाणी टिकलं असेल तर त्यात बेडकांनी अंडी घातलीत का ते बघायचंय.