शून्याची ओळ

रविवार, रात्री साडेअकरा

आज दुपारी जेवणानंतर आडवं व्हायचं सोडून गुणाकार करत बसलो. कुठला, तर 193707721 गुणिले 761838257287. लेकीची जुनी चौकटींची वही, पेन्सिलही तिचीच. उत्तर आधीच माहिती होतं, 147573952589676412927, म्हणजे 2 चा 67 वा घात वजा 1. बुद्धिबळाच्या पटावर गव्हाचे दाणे दुप्पट दुप्पट करत ठेवायची गोष्ट आहे ना, तसले आठ पट भरायचे आणि वर सात दाणे टाकायचे, झाला हा आकडा.

1644 मध्ये मर्सेन नावाच्या फ्रेंच पाद्र्याने आपल्या यादीत ही मूळ संख्या म्हणून ठोकून दिली. 1876 मध्ये ल्युका नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने दाखवलं की नाही बुवा, ही संयुक्त आहे, पण अवयव त्यालाही सापडले नाहीत. मला सगळ्यात भारी हेच वाटतं राव, फुटते हे शंभर टक्के नक्की पण कुठे फुटते ते कुणालाच ठाऊक नाही, आणि असं एकदोन नाही 27 वर्षं. मग ऑक्टोबर 1903 मध्ये न्यूयॉर्कला अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या बैठकीत फ्रँक नेल्सन कोल उठला, फळ्याच्या एका बाजूला 2 चा 67 वा घात काढून 1 वजा केला, दुसऱ्या बाजूला हाच माझा आजचा गुणाकार मांडला, दोन्ही उत्तरं सेम, आणि म्हणे एक शब्द न बोलता जागेवर जाऊन बसला. तीन वर्षांचे रविवार गेले असं त्याने नंतर सांगितलं म्हणतात, थोडं मीठमसाला असेलही त्यात.

पण काम खरंच तेवढं होतं. या संख्येचा कुठलाही मूळ अवयव घ्या, 134 ने भागलं की बाकी 1 च उरणार, म्हणजे 134 च्या उड्या मारत शोधता येतं, तरी तो छोटा अवयव 1445580 व्या उडीला येतो! कोलने अर्थात नुसत्या उड्या मारल्या नाहीत, वर्गशेष (वर्गसंख्यांना भागल्यावर उरणाऱ्या बाक्या) वापरून बरेचसे आकडे आधीच बाद केले, पण सगळं हाताने.

मला एक गुणाकार झेपेना. तसा वाटतो त्यापेक्षा सोपा आहे, 193707721 मध्ये 7 तीनदा येतो, त्यामुळे सातने एकदाच गुणायचं, 5332867801009, आणि पुढे नुसतं कॉपी करायचं. हातचे सांभाळत सगळ्या ओळी लिहिल्या, बेरीज केली, सुरुवात 147 ने झाली, मी खूश, आणि पुढचाच आकडा 5 च्या जागी 6. शाळेतल्यासारखा नवाचा ताळा घेतला, म्हणजे एकच अंक उरेपर्यंत अंकांची बेरीज. दोन्ही अवयवांचा 1, माझ्या उत्तराचा पण 1. ताळा जुळतोय आणि उत्तर चूक!

अर्धा तास हातचे तपासण्यात घालवला. मग आकडे मोजले तर माझ्या उत्तरात 20, पाहिजेत 21. मधल्या शून्याची ओळ आळशीपणाने लिहिलीच नव्हती आणि पुढच्या चारही ओळी एकेक घर उजवीकडे सरकल्या होत्या. म्हणजे मी 19377721 ने गुणलं होतं, आणि शून्य गेल्याने अंकांची बेरीज बदलत नाही, मग नवाच्या ताळ्याला काय कळणार डोंबल. अकराचा ताळा (11 ने भागून उरणारी बाकी) घेतला असता तर लगेच सापडलो असतो, तिथे 6 यायला हवा होता, माझा 0 येतो.

तो खरा 21 अंकी आकडा देवळालीच्या गणिती कापरेकर सरांची हर्षद संख्या, म्हणजे स्वतःच्या अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जाणारी, आहे का तेही सहज म्हणून पाहिलं. अंकांची बेरीज 109, पण अवयव दोनच, त्यात 109 नाही. नाही हर्षद.

संध्याकाळी नवीन पान घेतलं, शून्याची पूर्ण ओळ लिहिली, बारा शून्यं, एकेका चौकटीत एक. आलं बरोबर, एकवीसच्या एकवीस. लेक म्हणाली, बाबा फोनवर करायचं ना.